जात्याची घरघर : मुळशी खोऱ्यातील ओव्यांचे ध्वनिमुद्रण आणि चित्रण

१

‘जात्यावर बसले की ओवी सुचते’ ही म्हण मराठीत सर्वतोमुखी आहे. कामाला हात घातला म्हणजे मार्ग सापडतो, अशा लाक्षणिक अर्थानेच ती बहुधा वापरली जाते, आणि तिचा वाच्यार्थ आपल्या ध्यानातून निसटतो. हा वाच्यार्थ असा की, ओवी ही आधी मनात जुळवून मग जात्यापाशी नेलेली रचना नव्हे. ती जात्यापाशीच सुचते. खुंट्यावर हात, सुपात धान्य, पहाटेचा अंधार आणि दगडावर दगड फिरण्याचा अखंड आवाज, एवढी सामग्री जमल्यावाचून ती सुचत नाही, असा लोकांचा अनुभव या म्हणीत साठविलेला आहे. लोकगीताच्या अभ्यासकाने आपल्या साऱ्या पद्धतीची परीक्षा या एका म्हणीवर करून पाहावी, असे मला वाटते.

जात्यावरील ओव्यांचे संकलन महाराष्ट्रात प्रथम कागदावर झाले, नंतर ध्वनिफितीवर झाले आणि अखेरीस चित्रफितीवर झाले. या तीनही अवस्था एकाच भूप्रदेशात क्रमाने पाहावयाच्या असतील तर पुणे जिल्ह्यातील मुळशी तालुक्याइतके सोयीचे दुसरे क्षेत्र क्वचितच आढळेल. या क्रमाचा इतिहास थोडक्यात मांडणे, आणि प्रत्येक साधनाने ओवीतील काय राखले व काय गाळले याचा विचार करणे, हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे. यातून निष्पन्न होणारा मुद्दा आरंभीच सांगून टाकतो. जात्याची घरघर हा ध्वनिमुद्रणातील दोष नव्हे. ती ओवीच्या संहितेचा भाग आहे. ज्या साधनाने ती वगळली त्या साधनाने ओवी अर्धीच टिपली.

२

स्त्रियांच्या कामकरी ओवीचा पुरावा फार जुना आहे. चालुक्य नृपती तिसरा सोमेश्वर याच्या ‘मानसोल्लास’ या इ. स. ११२९ च्या ग्रंथात, महाराष्ट्रातील स्त्रिया कांडताना ओवी गातात, असा स्पष्ट उल्लेख आहे. ‘ज्ञानेश्वरी’ इ. स. १२९० ची. म्हणजे ग्रंथगत ओवीचे हे भव्य मंदिर उभे राहण्यापूर्वी निदान दीड शतक गेय ओवी घराघरांतून नांदत होती. येथे ध्यानात घेण्याजोगी गोष्ट ही की, सोमेश्वराने ओवीची नोंद तिच्या विषयावरून केलेली नाही, छंदावरूनही मुख्यत्वे केलेली नाही. ती कोणत्या कामात गातात यावरून केली आहे. बाराव्या शतकातील या राजाने ओवीला कामापासून वेगळे काढले नाही. ते पुढील काळातील सुशिक्षित संकलकांनी केले.

संतांच्या परंपरेतही जाते आणि गीत यांची सांगड अतूट आहे. जनाबाईबरोबर प्रत्यक्ष विठ्ठल दळू लागला ही कथा सर्वांस ठाऊक आहे, आणि पंढरपूरजवळ गोपाळपूर येथे जनाबाईचे म्हणून एक जाते भाविकांस आजही दाखविले जाते. दोघांनी मिळून दळण्याची ही कल्पना नुसती भक्तीची नाही, ती व्यवहारातली आहे. मोठे जाते एकटीला ओढत नाही. समोरासमोर दोघी बसतात, खुंट्यावर दोघींचे हात असतात, आणि एकीने उचललेली ओवी दुसरी झेलते. विठ्ठल जनीचा सोबती झाला याचा अर्थ तो तिच्या खुंट्याचा वाटेकरी झाला.

विसाव्या शतकात ओव्यांच्या छापील संकलनास आरंभ झाला तो विलक्षण आस्थेने झाला. साने गुरुजींनी ‘स्त्रीजीवन’ या नावाने ओव्यांचा मोठा संग्रह सिद्ध केला. कमलाबाई देशपांडे यांनी स्त्रीगीतांच्या आपल्या ग्रंथास ‘अपौरुषेय वाङ्मय’ असे नाव दिले. दुर्गाबाई भागवतांनी लोकसाहित्याच्या अभ्यासाला शास्त्रीय चौकट दिली. सरोजिनी बाबर यांनी महाराष्ट्र राज्य लोकसाहित्य समितीच्या द्वारे गीतांचे, कथांचे, म्हणी-उखाण्यांचे खंडामागून खंड प्रकाशित केले. या सर्वांचे ऋण मान्य करूनच पुढील आक्षेप नोंदवावा लागतो.

पहिला आक्षेप नावासंबंधीचा. ‘अपौरुषेय’ हा शब्द मोठा समर्पक आहे. ही गीते पुरुषांनी रचलेली नाहीत, आणि वेदांप्रमाणे त्यांनाही ज्ञात कर्ता नाही, असे दोन्ही अर्थ त्यातून निघतात. परंतु कर्ता ज्ञात नसणे आणि गाणारीचे नाव लिहून न घेणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. जुन्या संग्रहांतून ओवी भेटते, पण ती कोणी, कोठे, कोणत्या वयात, कोणापाशी म्हटली हे बहुधा भेटत नाही. याला एक ठळक अपवाद बहिणाबाई चौधरींचा. त्यांची रचनाही शेतात आणि घरकामात जन्मलेली होती. १९५१ साली त्या निवर्तल्या आणि १९५२ साली त्यांची गाणी ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाली. कारण त्यांचे पुत्र सोपानदेव हे स्वतः कवी होते आणि आईचे शब्द घरातच लिहून ठेवले गेले होते. ज्यांच्या घरी सोपानदेव नव्हते अशा असंख्य बहिणाबाई ‘लोक’ या सामान्यनामात विरून गेल्या.

दुसरा आक्षेप भाषाशास्त्राचा आहे, आणि तो विद्यार्थ्यांनी बारकाईने पाहावा. बोलण्यात आपण शब्दान्ती असणारा ‘अ’ उच्चारीत नाही. ‘राम’, ‘घर’, ‘दळण’ हे शब्द व्यंजनान्त ऐकू येतात. ओवी गाताना मात्र हा लोपलेला ‘अ’ पुष्कळदा परत येतो आणि लांबवलाही जातो. गाणारी त्यावर आवाज टेकविते, कधी त्याच्या जागी ‘ग’ किंवा ‘बाई’ असे संबोधन भरते, आणि चरणाचा तुकडा पुन्हा घेते. परंतु देवनागरीत उच्चारलेला ‘राम’ आणि गायलेला ‘राम’ यांचे लेखन एकच. लिपीच्या या स्वभावामुळे गायनातील भेद कागदावर आपोआप झाकला गेला. त्यात भर म्हणून संकलकांनी ‘ग’, ‘बाई’, पुनरावृत्त तुकडे इत्यादींना पादपूरणे मानून गाळले आणि ओवी दोन स्वच्छ ओळींत बसविली. वाचकाला ती सुंदर वाटली. पण ती कोणी कधी तशी गायलेली नव्हती.

३

मुळशी तालुका हा सह्याद्रीच्या कुशीतला मावळ प्रदेश. पाऊस उदंड, शेत उतरणीचे, पीक मुख्यतः भात, आणि वरकस जमिनीत नाचणी व वरई. अशा प्रदेशात दळणाची साधनेही एकाहून अधिक असतात. पिठासाठी जाते, भात भरडण्यासाठी घिरट आणि सडण्याकांडण्यासाठी उखळ-मुसळ. प्रत्येकाची गती वेगळी, आवाज वेगळा, आणि त्यावर बसणारे गाणेही वेगळे. हे वैविध्य छापील संग्रहांत फारसे उमटले नाही. ‘जात्यावरच्या ओव्या’ या एकाच मथळ्याखाली सर्व आले.

या प्रदेशाचे नाव इतिहासात दुसऱ्या एका कारणाने अजरामर झाले आहे. टाटा कंपनीच्या जलविद्युत् योजनेसाठी मुळा-निळा खोऱ्यातील जमिनी बुडणार असे ठरल्यावर १९२१ च्या रामनवमीस मुळशी सत्याग्रहास आरंभ झाला. सेनापती बापट हे त्याचे प्रमुख नेते. १९२४ पर्यंत हा लढा चालला, आणि अखेर धरण झाले. राजेंद्र व्होरा यांनी या सत्याग्रहाचा जो साक्षेपी इतिहास लिहिला आहे त्यावरून मावळ्यांच्या बाजूस पुढारी, वकील, सावकार आणि वृत्तपत्रे यांचे परस्परसंबंध उत्तम कळतात. सत्याग्रहात स्त्रियाही होत्या. परंतु लिखित साधनांचा स्वभाव असा की, पुढाऱ्यांची भाषणे आणि सरकारी कागद उरतात. जिचे घर, उंबरा आणि जाते पाण्याखाली गेले तिचे बोलणे उरत नाही. पाणी भरण्यापूर्वी त्या खोऱ्यात कोणी ध्वनिलेखन यंत्र नेले असते तर, असा विचार मनात आल्यावाचून राहत नाही. यंत्रे त्या काळी नव्हती असेही नाही. ग्रियर्सन यांच्या भारतीय भाषा-सर्वेक्षणासाठी विसाव्या शतकाच्या दुसऱ्या व तिसऱ्या दशकांत ग्रामोफोनवर भाषांचे नमुने घेतले जात होते. पण त्या नमुन्यांसाठी मुख्यतः बायबलातील उधळ्या पुत्राची गोष्ट भाषांतरून म्हणवून घेतली जाई. बोली मिळे, बोलणारीचे स्वतःचे म्हणणे मिळत नसे.

ही उणीव ज्या प्रकल्पाने पुष्कळ अंशी भरून काढली त्याचा आरंभही याच डोंगराळ पट्ट्यात व्हावा, हा योग लक्षणीय आहे. फ्रान्समध्ये जन्मलेले आणि पुण्यात स्थायिक झालेले गी पॉत्व्हँ आणि त्यांच्या सहकारी हेमा राईरकर हे ‘गरीब डोंगरी संघटने’च्या कामातून मुळशी-मावळातील खेड्यांशी जोडलेले होते. डोंगरातील गरिबांचे प्रश्न समजून घेताना, स्त्रिया सभेत जे बोलत नाहीत ते ओवीत बोलतात, असे त्यांना दिसून आले. म्हणजे ओवीकडे ते वाङ्मयाच्या वाटेने आले नाहीत, सामाजिक कार्याच्या वाटेने आले. या भिन्न वाटेचा परिणाम त्यांच्या पद्धतीवर झाला. ओव्या लिहून घेणारे पुष्कळसे कार्यकर्ते त्याच परिसरातले होते आणि गाणाऱ्या स्त्रिया त्यांच्या नात्यागोत्याच्या, गावच्या होत्या. नंतर हे काम महाराष्ट्रभर पसरले. एक हजारांहून अधिक गावे, ३,३०२ गायिका आणि एक लक्ष दहा हजारांच्या घरात ओव्या, असा त्याचा विस्तार झाला. जितेंद्र मैड यांच्यासारखे सहकारी या कामात दीर्घकाळ राहिले.

संख्येपेक्षा महत्त्वाचे आहे ते नोंदीचे स्वरूप. येथे ओवीबरोबर गाणारीचे नाव, गाव, तालुका ही माहिती लिहिली गेली, आणि ओव्यांचे विषयवार वर्गीकरण झाले. मुलीचा जन्म, माहेर, भाऊ, सासुरवास, सीतेचा वनवास, विठ्ठल, आणि दलित स्त्रियांच्या ओव्यांत बाबासाहेब आंबेडकर व बुद्ध, असे ते विषय आहेत. छापील संग्रहांतील निनावी ‘लोक’ येथे प्रथमच व्यक्ती म्हणून उभे राहिले.

४

१९९० नंतरच्या दशकात या संकलनास ध्वनिमुद्रणाची जोड मिळाली. संगणकाच्या साहाय्याने संगीताचा अभ्यास करणारे फ्रेंच संशोधक बर्नार बेल यांनी ओव्यांची संहिता व टिपणे यांचा संगणकीय संग्रह रचला, आणि एकशेवीस तासांहून अधिक ध्वनिमुद्रण सिद्ध झाले. ही मुद्रणे प्रथम हरियाणातील गुरुग्राम येथील मानववंश-संगीतशास्त्राच्या संग्रहकेंद्रात, आणि पुढे फ्रान्समधील एक्स-आन-प्रोव्हान्स येथील भाषा-ध्वनिसंग्रहात ठेवली गेली.

ध्वनिफितीने काय दिले? गाळलेला ‘अ’ तिने परत दिला. ‘ग’ आणि ‘बाई’ आपल्या जागी परत आले. हे शब्द निरर्थक पूरणे नसून चरणाचे सांधे आहेत, श्वास कोठे घ्यावयाचा आणि दुसरीने कोठे उचलावयाचे याच्या त्या खुणा आहेत, हे कानाला पटू लागले. ‘गळा’ या शब्दाने गावातील बाया कंठही सुचवितात आणि चालही सुचवितात. एकच ओवी भिन्न गळ्यांत गाता येते, आणि एका गळ्यात शेकडो ओव्या बसतात. संहिता आणि चाल यांचा हा स्वतंत्र संबंध कागदावरून कधीच कळला नसता.

परंतु ध्वनिफितीची एक मागणी असते, आणि ती म्हणजे स्वच्छ आवाजाची. येथेच जात्याचा प्रश्न उभा राहतो. दगडाची घरघर ध्वनिग्राहकाला असह्य होते. शब्द तिच्यात बुडतात. तेव्हा मुद्रण करणारा सहजच म्हणतो, ‘आजी, जाते राहू द्या, नुसते म्हणा.’ ही चूक प्रस्तुत लेखकाकडूनही घडली आहे. मुळशीतील एका वाडीवर एका वृद्ध बाईंना मी असेच जाते थांबवावयास सांगितले. त्यांनी चारपाच ओव्या म्हटल्या आणि मग त्या अडखळल्या. ‘पुढचं ध्यानात येत न्हाई,’ असे म्हणून त्यांनी सवयीने रिकाम्या जात्याचा खुंटा धरला, दोन फेरे दिले, आणि अडलेली ओवी ओठांवर आली. तिच्यामागून आणखी सात आल्या. माझ्या ध्वनिफितीवर त्या सातही ओव्या घरघरीसकट आहेत, आणि माझ्या संग्रहातील खरी ओवी तेवढीच आहे असे मी आता मानतो. म्हणीचा वाच्यार्थ मला त्या दिवशी कळला. स्मरण डोक्यात नसते, ते अंशतः मनगटात असते.

घरघरीचे दुसरे एक कार्य आहे, आणि ते अधिक गंभीर आहे. पहाटे सारे घर निजलेले असताना सून जात्यावर बसते आणि ओवीत सासूचे, नवऱ्याचे, नशिबाचे जे म्हणावयाचे ते म्हणते. हे तिला म्हणता येते, कारण दगडाचा आवाज तिच्या शब्दांवर पडदा धरतो. समोरच्या खुंट्यावर बसलेल्या जावेला ते ऐकू येते. पलीकडच्या खोलीत फक्त घरघर जाते. जाते ही त्या अर्थाने स्त्रीची खाजगी खोली होती. जाते थांबवून, भर दुपारी, चारचौघांच्या समक्ष तीच ओवी म्हणवून घेणे म्हणजे खोलीचे दार काढून घेण्यासारखे आहे. तेथे कोणत्या ओव्या म्हटल्या जातील आणि कोणत्या टाळल्या जातील, याचा अंदाज कोणासही करता येईल.

५

चित्रफितीचा विचार करण्यापूर्वी एका जुन्या उदाहरणाची आठवण करणे इष्ट होईल. डच संगीतज्ञ आर्नोल्ड बाके यांनी १९३८-३९ साली दक्षिण भारतात फिरून लोकसंगीताचे व नृत्याचे ध्वनिमुद्रण आणि चित्रण केले. त्यांची चित्रफीत मूक होती. आवाज वेगळ्या यंत्रावर घेतला जाई. म्हणजे हालचाल एका फितीवर आणि नाद दुसऱ्या फितीवर. १९८४ साली नझीर जयरजभाई आणि एमी कॅटलिन यांनी बाके यांच्या या फिती घेऊन त्याच गावांचा पुनश्च शोध घेतला. जयरजभाईंनीच पुढाकार घेऊन १९८२ साली उभारलेले मानववंश-संगीतशास्त्राचे केंद्र हे वर सांगितलेले गुरुग्रामचे संग्रहकेंद्र होय. त्यांच्या या पुनर्भेटीवरून एक तत्त्व सिद्ध झाले. चित्रफितीचे मोल ती घेतली त्या दिवशी ठरत नाही. ती परत त्या गावी नेली जाते त्या दिवशी ठरते. आपल्या आजोबांचे पाऊल पाहणारा नातू त्या चित्राचा खरा टीकाकार असतो.

नाद आणि हालचाल एकाच वेळी, सहज उचलता येणाऱ्या यंत्राने टिपण्याची सोय १९६० च्या सुमारास झाली. मुळशीतील ओव्यांना मात्र ती सोय फार उशिरा लाभली. भारतीय ग्रामीण जीवनाचा लोकसंग्रह म्हणून पी. साईनाथ यांनी २०१४ साली ‘पारी’ ही संस्था सुरू केली. राईरकर-पॉत्व्हँ यांचा ओवीसंग्रह २०१७ पासून त्या संस्थेच्या द्वारे संहिता, ध्वनी, भाषांतर आणि चित्रफिती अशा एकत्रित रूपाने प्रसिद्ध होऊ लागला. नमिता वाईकर या प्रकल्पाच्या प्रमुख होत. या निमित्ताने पूर्वी ज्यांनी ओव्या दिल्या होत्या त्यांच्या गावी पुन्हा जाणे झाले. मुळशीतील कोळवडे, नांदगाव, लवार्डे अशा गावांची नावे यामुळे दूरदेशीच्या अभ्यासकांसही परिचित झाली.

चित्रफीत काय देते याची थोडी मीमांसा करू. दळताना एक हात खुंट्यावर असतो आणि दुसरा मुठीमुठीने जात्याच्या तोंडात वैरण घालतो. वैरण घालताना गती मंदावते, वैरण संपता जाते हलके होऊन वेगाने फिरते. जात्याचा फेरा आणि चरणाची मात्रा यांचे प्रमाण काय? प्रत्येक फेऱ्याला चरणाचा ठराविक तुकडा बसतो, की दोन गती परस्परांपासून सैल चालतात? वैरण घालण्याची जागा यतीशी जुळते की नाही? खुंटा दुसरीच्या बाजूस गेला असता ओवीही दुसरीकडे जाते काय? मराठी छंदःशास्त्राच्या दृष्टीने हे मूलभूत प्रश्न आहेत. ओवीला अक्षरसंख्येचे बंधन का नाही, याची चर्चा आपण छंदाच्या अंगाने पुष्कळ केली. ती हाताच्या अंगाने केली नाही. कागद या प्रश्नांपुढे मुका आहे. ध्वनिफीत, जाते थांबविले नसेल तर, अर्धे उत्तर देते. हात, दगड आणि ओठ तिन्ही एका चौकटीत दाखविणारी चित्रफीतच पूर्ण उत्तर देऊ शकेल.

पण येथे सावध राहिले पाहिजे. मुळशीत गावोगाव पिठाच्या गिरण्या येऊन जमाना लोटला. तालुक्याच्या पूर्वेस हिंजवडीला संगणक-उद्योगाची नगरी उभी आहे, पिरंगुटला कारखाने आहेत. जाते आता लग्नात हळद दळण्यापुरते पुजले जाते, किंवा अंगणात पालथे पडून असते. वर्षानुवर्षे टाकी न लावलेल्या दगडाला दात उरत नाहीत. तो फिरतो, पण दळत नाही. अशा स्थितीत घेतलेल्या चित्रफितीत जे दिसते ते दळण नव्हे, दळणाचे स्मरण होय. पहाटेऐवजी उजेड असतो, कारण यंत्राला उजेड लागतो. जाते कोपऱ्यातून ओट्यावर आणलेले असते. पाचसहा जणी धुतलेली लुगडी नेसून बसलेल्या असतात, आणि पुढे नातवंडे व पाहुणे असतात. शिवाय मराठी बोलपटांनी जात्यावरच्या नायिकेचे जे वाद्यवृंदासहित चित्र रूढ केले आहे त्याची छाया गाणारीच्या मनावरही पडते आणि चित्रण करणाऱ्याच्या दृष्टीवरही पडते.

हा चित्रफितीचा दोष आहे असे मी म्हणत नाही. स्मरण हेही इतिहासाचे अस्सल साधन आहे. स्कॉटलंडच्या पश्चिम बेटांवर लोकरीचे कापड बडवताना स्त्रिया जी गाणी म्हणत, त्यांचेही असेच झाले. हाताने कापड बडवणे थांबले तरी गाणी उरली, आणि ती पुढे मेजाभोवती बसून, आठवण म्हणून गायली जाऊ लागली. तेथील अभ्यासक कामातले गाणे आणि आठवणीतले गाणे यांत भेद करावयास शिकले. आपणही तो भेद केला पाहिजे. दोष तेव्हा घडतो, जेव्हा २०१७ च्या दुपारी घेतलेले चित्र आपण परंपरेतील पहाटेचा पुरावा म्हणून वर्गात दाखवितो.

६

आता शेवटचा आणि मला सर्वांत अवघड वाटणारा प्रश्न. छापील संग्रहांनी गाणारीचे नाव गाळले म्हणून आपण त्यांना दोष दिला. चित्रफितीने नाव दिले, गाव दिले आणि चेहराही दिला. अन्याय दूर झाला. परंतु त्याबरोबर घरघरीचा पडदाही गेला. सासुरवासाची ओवी आता नावानिशी, चेहऱ्यानिशी साऱ्या जगापुढे येते. गाणारीची सून, मुलगा, भावकी ती पाहतात. ओवीतला ‘मी’ हा परंपरेचा ‘मी’ आहे, त्यात एका बाईचे आत्मकथन शोधू नये, हे आपण अभ्यासकांनी जाणले तरी भावकीने ते जाणावे असा नियम नाही. निनावीपणा हा एके काळी विस्मरणाचा प्रकार होता तसाच तो संरक्षणाचाही प्रकार होता, हे आपण मान्य केले पाहिजे.

तेव्हा नाव द्यावे की देऊ नये? याचे उत्तर अभ्यासकाने एकट्याने देऊ नये, असे माझे मत आहे. ते गाणारीने द्यावे, आणि तेही ओवीगणिक द्यावे. विठ्ठलाची ओवी ती आनंदाने आपल्या नावावर ठेवील. एखादी ओवी ती म्हणेल, पण ‘माझं नाव नगं’ असेही म्हणेल. कित्येक वेळा याच्या उलटही घडेल. जन्मभर ज्यांचे नाव सातबाऱ्यावर लागले नाही, त्यांना एका ओवीखाली का होईना आपले नाव लागावे असे वाटेल. दोन्ही इच्छा सारख्याच आदरणीय आहेत. संग्रहाची रचना या दोहोंना जागा देणारी हवी.

या विवेचनावरून क्षेत्रकार्यास निघणाऱ्या विद्यार्थ्यांसाठी काही गोष्टी निष्पन्न होतात. जाते फिरत असताना आणि थांबविल्यावर असे दोन्ही मुद्रण घ्यावे. पहिल्यात ओवी मिळते, दुसऱ्यात शब्द नीट कळतात, आणि एकास दुसऱ्याचा पर्याय मानू नये. ‘ग’, ‘बाई’ आणि पुनरावृत्ती यांसह गायलेली संहिता आणि वाचनासाठीची संक्षिप्त संहिता अशा दोन संहिता वेगवेगळ्या लिहाव्या. चित्राच्या आरंभी वेळ, उजेड, जाते मुळात कोठे होते, शेवटचे दळण केव्हा झाले आणि समोर कोण बसले होते, याची नोंद असावी. ही नोंद चित्राहून कमी मोलाची नव्हे. आणि फीत गावी परत न्यावी. बाके यांच्या फिती परत जाण्यास पंचेचाळीस वर्षे लागली. मुळशीच्या पुष्कळ गायिकांना तेवढी वर्षे उरलेली नाहीत.

मुळशी सत्याग्रहाच्या इतिहासात स्त्रियांचे शब्द आपल्याला फारसे मिळत नाहीत, याची हळहळ वर व्यक्त केली. पुढील अभ्यासकाने आपल्याविषयी अशी हळहळ करू नये, एवढी साधने आज आपल्या हातात आहेत. खिशातल्या दूरध्वनीवरही नाद आणि चित्र एकत्र उतरते. साधनांची वाण नाही. वाण आहे ती, यंत्राला त्रासदायक वाटणारा आवाज हाच आपल्या अभ्यासाचा विषय असू शकतो, हे ओळखण्याची. सोमेश्वराने नऊशे वर्षांपूर्वी गाणे आणि काम एका वाक्यात लिहिले. आपल्या चित्रफितींनी निदान तेवढे करावे, आणि गाणारी ओवी म्हणू लागली म्हणजे आपण जाते थांबवू नये.